तात्यांचं गाऱ्हाणं

देवासमोर नारळ धरून गाऱ्हाणं घालायचा मान दरसाल तात्यांचाच. यंदा त्यांचा पायलट मुलगा विमानासकट गेला. ते का पडलं हे कुणालाच कळलं नव्हतं. टीव्हीने मात्र त्यालाच दोषी ठरवलं. शेती, गुरं, पोरंबाळं, सगळ्यांसाठी मागून झालं. दर मागण्याला गाव “व्हय म्हाराजा” म्हणत होता. मग तात्यांनी नारळ कपाळाला लावला. “बा देवा म्हाराजा, माझ्या झिलाच्या माथ्यार आळ इलो आसा. तो खोटो आसात तर दूर कर, म्हाराजा.” देऊळ गप्प. नारळ हातात जड झाला. तेवढ्यात बायकांमधून शेवंतीचा आवाज आला, “व्हय म्हाराजा.” तिची लेक त्याच विमानात होती. मागोमाग सगळा गाव बोलला. पण तात्यांनी नारळ फोडला नाही. पुन्हा कपाळाला लावून त्यांनी गाऱ्हाणं पहिल्यापासून घातलं, आणि सर्वांत आधी शेवंतीच्या लेकीचं नाव घेतलं.