कातरीची मूठ

बहिरूने रंगनाथ मास्तरांना पाहिलं, ओळखलं आणि मान फिरवली.

“कोण पायजे?” द्राक्षांचा क्रेट उचलत त्याने विचारलं. मास्तर बांधावरच थबकले. बहिरूच्या शेजारी त्याचा सासरा चिमाजी उभा होता, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

सोबतची मंजुषा पुण्याच्या संस्थेतून आली होती. नाशिकच्या रिमांड होममध्ये बागकाम शिकलेली मुलं बाहेर पडल्यावर पुन्हा गुन्ह्याकडे वळतात की सुधारतात, एवढंच तिला बघायचं होतं. तो वर्ग मास्तरांचा. निवृत्त झाले तरी जीव तिथेच. तिच्या अहवालात वर्गाचा उपयोग दिसला नाही तर जूनपासून तो बंद, आणि बागेच्या जागी साहेबांच्या गाड्या लागणार. आतापर्यंत दोघं सापडलेच नव्हते, एक पुन्हा आत होता. सगळी भिस्त बहिरूवर. आणि तोच विचारतोय, कोण पायजे!

मंजुषाने तोंड उघडलं. मास्तरांनी तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

“काही नाही हो, रस्त्याने चाललो होतो. निफाडची द्राक्षं बघावी म्हटलं.”

पोराचा संसार उधळून वर्ग वाचवायचा? छे! गेला खड्ड्यात तो वर्ग.

पण मन कुठलं ऐकतंय. एक्क्याण्णव सालची ती सकाळ आठवलीच. सुरा चालवून आलेलं चौदा वर्षांचं पोर, आणि मास्तरांनी पहिल्याच दिवशी त्याच्या हाती छाटणीची कातर दिलेली. दारावरचा शिपाई ओरडला होता, “मास्तर, डोकं फिरलं का तुमचं?” मास्तरांनी पोराला फक्त नियम सांगितला. कातर दुसऱ्याला देताना पातं आपल्या मुठीत, मूठ त्याच्याकडे. चुकेल त्याला बागेतला पेरू नाही. काय गोड पेरू होते ते! पेरू खाताना तेवढ्यापुरती ती पोरं कुठल्याही शाळेतली वाटायची. भांडायची, खिदळायची, बिया थुंकायची. ते दिवस मास्तरांना अजून हवे होते.

“नुसती बघता काय? तोडा की एक घड!” चिमाजीने कातर पुढे केली. पातं स्वतःच्या मुठीत, मूठ मास्तरांकडे.

मास्तरांचा हात तसाच राहिला. “ही पद्धत... कुठली हो?”

“जावयाची. बागेत समद्यांना हीच सवय लावलीय त्यानं. चुकला की त्या दिवशी द्राक्षं बंद!” चिमाजी हसला. मग मास्तरांकडे निरखून बघत म्हणाला, “तुम्हीच का ते पेरूवाले मास्तर?”

बहिरूने क्रेट खाली ठेवला. चेहरा पांढराफटक.

“मामा, तुम्हाला ठावं हाय?”

“येडा का खुळा तू? पोरगी द्यायची म्हंजे चौकशी नाय करणार? नाशकात जाऊन तिथल्या शिपायाला चहा पाजून आलो. त्यानं समदं सांगितलं, सुऱ्याचंबी आन् पेरूचंबी. मग दोन हंगाम तुला बागेत राबताना बघितलं. तू बोलला नाय, म्हणून मीबी बोललो नाय.”

बहिरू पुढे आला आणि मास्तरांच्या पायाशी वाकला. “चुकलो मास्तर,” तो पुटपुटला. मास्तरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना रडू आवरेना, आणि आवरावंसंही वाटेना.

मंजुषाने वही उघडली. मग अवघडून चिमाजीला म्हणाली, “काका, यांनी नंतर कधी काही... म्हणजे पुन्हा गुन्हा वगैरे? माफ करा, मला तसं लिहावं लागतं.”

चिमाजीने कातरीची मूठ मास्तरांच्या हातात दिली.

“लिवा ना ताई,” तो म्हणाला, “पोरगी दिली म्हणून.”