आधी वरवंटा

मंजिरीचे बाबा रायपूरच्या यार्डात मालगाडीचे डबे तपासायचे. बिघडलेल्या डब्यावर ते खडूने मोठ्ठं ‘सिक’, म्हणजे आजारी, लिहीत आणि तो डबा गाडीतून वेगळा काढला जाई. निवृत्तीनंतरही खिशात खडू असायचाच. घरातला कूलर, मिक्सर आणि पहिल्याच भेटीत जावई, हे सगळे त्यांनी ‘सिक’ ठरवले होते.

बाळ होणार म्हणून मंजिरीने शंकर नगरातून कठड्याचा पाळणा आणला. दांड्यांमधलं अंतर, गादीची जाडी, सगळं वाचून, मोजून.

बाबा म्हणाले, “बारशाले पहिले वरवंटा झोपव त्याच्यात. मंग पोट्टं.”

“बाबा, त्यात उशीसुद्धा ठेवत नाहीत, अन् तुम्ही दगड ठेवून राहिले!”

“पुस्तक खोटं बोलते, बाई. दगड नाही बोलत.”

बारशापर्यंत बाबा राहिले नाहीत. पाळणा जावयाने, अनिमेषने जोडला. तीन स्क्रू उरले. “कंपनीवाले एक्स्ट्रा देते हैं,” तो म्हणाला.

बारशाला, निव्वळ बाबांचा शब्द म्हणून, मंजिरीने वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवलं. तळाची फळी धाडकन खाली आली. बायका “अपशकुन, अपशकुन” करू लागल्या. आजीच्या मांडीवरची पोट्टी मात्र झोपलेलीच होती.

खुंटीवरच्या बाबांच्या शर्टातून मंजिरीने खडू काढला आणि पाळण्यावर मोठ्ठं लिहिलं, ‘सिक’.



अनिमेषने मुकाट्याने आपलं कपाळ पुढे केलं.