उंच ओटा

आरमोरीच्या भर बाजारातलं नव्वद साली बांधलेलं व्यापारी संकुल बारा वर्षं रिकामं पडलं होतं. आत कबुतरं, बाहेर पायरीशी जमिनीवर बसून पायाखालच्या पावशीवर, म्हणजे विळीवर, मासे कापून विकणारी प्रेमिला. आता त्याचा कायापालट झाला. खाली दुकानं, वर घरं, मधे वाचनालय. प्रेमिलालाही खाली मासळीचा गाळा मिळाला. पण गाळ्यातला ओटा निघाला कमरेएवढा उंच. “उभं राहून कापा ना, बाई,” इंजिनिअर म्हणाला. “मंग पावशी कोनाच्या पायानं दाबू, साहेब?” प्रेमिला हसली आणि लुगडं खोचून पावशीसकट सरळ ओट्यावरच चढून बसली. तेवढ्यात मास्तरीणबाई आल्या. इतकी वर्षं त्या वरून खाली बघत विचारायच्या, “काय वं, रोहू कसा दिला?” आज त्यांना मान वर करावी लागली. “रोहू कसा दिला, प्रेमिलाबाई?” प्रेमिलानं आधी पदर नीट सावरला. उत्तराची तिला घाई नव्हती.