पुरस्काराच्या अर्जातली आई

इंदुमतीने हळदीत बोटं बुडवली आणि पाटावर बसलेल्या लेकीच्या गालाकडे हात नेला.

"आई, तू नको ना," शलाका खालमानेने पुटपुटली. "सासूबाईंचा निरोप आलाय, हळद सवाष्णींनीच लावायची. आजचा दिवस ऐक माझं."

नवरा गेला तेव्हा इंदुमतीने कुणाला आपलं कुंकू पुसू दिलं नव्हतं. मग गावोगावच्या विधवांना तिने मंगलकार्यांत मानाने बसवलं. त्यासाठी गेल्याच महिन्यात तिला समतेचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अर्ज शलाकानेच हौसेने भरला होता. 'कुणी कितीही सांगो, मागे सरायचं नाही, हे मला आईने शिकवलं,' असं तिने त्यात लिहिलं होतं.

जाऊबाईंनी वाटीसाठी हात पुढे केला. पिवळी बोटं पदराला पुसत इंदुमती मागे सरली.