परातीतली वाटणी

माझ्या दोन्ही मुलांना मूत्रपिंडाचा एकच आजार जडला. अकोल्याच्या डॉक्टरांनी त्यांना नव्या औषधाच्या चाचणीत घेतले. "एकाला खरे औषध मिळेल, दुसऱ्याला तशीच दिसणारी साखरेची गोळी. कोणाला काय, मलाही कळणार नाही," ते म्हणाले. तेल्हाऱ्याला परतताच मी दोन्ही बाटल्या पितळी परातीत रिकाम्या केल्या. "माई, डॉक्टरनं बदलू नका म्हनलं," थोरला ललित पुटपुटला. "एकाले दूध अन् एकाले पानी, असं या घरात होत नाई," मी दटावले आणि मिसळलेल्या गोळ्या दोघांना निम्म्या-निम्म्या दिल्या; पुढे दर महिन्याच्या बाटल्यांचेही तसेच केले. वर्षाने चाचणी संपली. "धाकट्या पियुषला खरे औषध होते. ते घेणारे सावरले. मग ललितसारखी याचीही मूत्रपिंडे कशी गेली?" डॉक्टरांनी विचारले. मी बोलायला उठले. ललितने माझा हात दाबला. पियुष म्हणाला, "मीच गोळ्यांचे खाडे केले, साहेब. माई त रोज आठवन करून देत होती."