हात वर

प्राचार्यांनी कागद टेबलावर पसरला आणि त्यावर काचेचा पेपरवेट ठेवला.

“वाचा, मॅडम. पण उचलू नका, चौकशीचा कागद आहे.”

बाईंनी चष्मा लावला आणि उभ्यानेच वाचलं. टाइप केलेल्या सात-आठ ओळी. बास्केटबॉलच्या कोच मुलींच्या जिवाशी खेळतात. रविवारच्या फायनलआधी त्यांना संघापासून दूर करावं. खाली ना सही, ना नाव.

“निनावी पत्रावर माझी चौकशी?” बाईंचा आवाज बाहेर शिपायापर्यंत गेला. “बावीस वर्षं झाली, सर! बावीस!”

प्राचार्य काहीतरी सांगायला गेले. पण बाईंनी बोलू दिलं तर ना.

आणि राग येणार नाही तर काय होणार? बावीस वर्षांपूर्वी या कॉलेजात मुलींचा संघच नव्हता. बाईंनी वर्गावर्गात फिरून उंच पोरी गोळा केल्या. संध्याकाळी हॉल मुलांना, म्हणून मुलींचा सराव पहाटे साडेपाचला. छप्पर गळायचं तिथे बादली ठेवायची आणि बादलीला वळसा घालून ड्रिबल शिकवायचं. मुलांना दरवर्षी नवी जर्सी, मुलींना त्यांचीच जुनी, मांडीपर्यंत लोंबणारी. सासूबाई म्हणायच्या, हिचं खरं सासर त्या हॉलमध्येच आहे. लेकीच्या टॉन्सिलचं ऑपरेशन झालं त्या दिवशीही बाई सामन्यावर होत्या. आता संघ पहिल्यांदाच फायनलला पोचला, तर वाढलेल्या ताटावर बसायला मुलांचे कोच टपलेले. संताप येईल नाहीतर काय!

“कोणाचं काम आहे हे, मला चांगलं ठाऊक आहे,” बाई म्हणाल्या. “हॉल हवा होता, घेतला. आता संघ हवाय त्यांना.”

“मॅडम, सेमीफायनलला नेमकं काय झालं?”

“जिंकलो. एका गुणाने. हे झालं.”

काय झालं होतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. चार मिनिटं उरलेली असताना चिंगी पडली. चिंगी म्हणजे सात नंबर, संघातली सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात चपळ. गुडघा टम्म सुजला. डॉक्टरांनी नको म्हटलं. पण डॉक्टर लोक असतातच नको म्हणायला. बाईंनी स्वतःच्या हातांनी स्प्रे मारला, बँडेज करकचून बांधलं. “खेळशील ना?” असं विचारलं आणि “खेळेल” म्हणून पंचांना सांगूनही टाकलं. चिंगीने शेवटची बास्केट केली आणि तिथेच खाली बसली. याला म्हणतात काळीज. बाईंनी त्यांच्या वेळी लिगामेंट फाटलेलं असताना अख्खी फायनल खेळली होती. तेव्हापासून त्या जिना एकेक पायरी, कठडा धरून आडव्याने चढतात. केली का कधी कुणाची तक्रार?

“मुलींना बोलवा,” बाई म्हणाल्या. “समोरासमोरच होऊ दे काय ते.”

“त्या बाहेरच बसल्यात,” प्राचार्य म्हणाले.

बाराजणी आत आल्या आणि भिंतीला लागून उभ्या राहिल्या. कॅप्टन जरा लंगडत होती. तिच्या घोट्याला बाईंनी सकाळीच पट्टी घट्ट बांधून दिली होती, रविवारची काळजी नको म्हणून. सगळ्यांच्या शेवटी चिंगी, दोन्ही काखांत कुबड्या. लिफ्ट बंद, दोन मजले, आणि ही पोरगी तशीच चढून आली होती. आपल्या कोचसाठी.

“कशी आहेस गं?”

“उद्या ऑपरेशन आहे, मॅडम.”

“अगं, झालं की मोकळी. महिन्याभरात पळायला लागशील.”

कॅप्टन खिडकीबाहेर बघत राहिली.

“सर, मी यांना पहिल्या दिवशी काय शिकवते माहितीये?” बाई म्हणाल्या. “नेम नाही, पास नाही. फाऊल जिचा, हात तिचा. पंचांनी बघितलं असो वा नसो, आपण होऊन हात वर करायचा. एकदा एकीने लपवला, तर अख्ख्या संघाला पन्नास फेऱ्या मारायला लावल्या मी.”

“हो, पन्नास,” कॅप्टन म्हणाली.

बाई मुलींकडे वळल्या.

“हे पत्र तुमच्यापैकी कोणी लिहिलं असेल, तर नियम ठाऊक आहे. हात वर.”

बाईंनी एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवली. एकही हात वर आला नाही. त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

“बघितलंत, सर? या माझ्या मुली आहेत. आता बोलवा त्या मुलांच्या कोचना, बघतेच मी.”

प्राचार्यांनी पेपरवेट बाजूला केला आणि कागद उलटा करून बाईंपुढे सरकवला.

मागच्या बाजूला सह्या होत्या. बारा. प्रत्येकीपुढे जर्सीचा नंबर. सगळ्यात वर सात.

बाईंनी सह्या वरपासून खालपर्यंत वाचल्या. मग त्यांनी मान वर केली.

“लाज नाही वाटत? एवढं केलं तुमच्यासाठी! आणि विचारलं तेव्हा एकीचाही हात वर नाही? हेच शिकवलं मी?”

चिंगीने कुबडी नीट काखेत घेतली.

“फाऊल आमचा नाहीये, मॅडम,” ती म्हणाली. “आम्ही तुमच्या हाताची वाट बघतोय.”