गोडलिंब राह्यलं

"अव माय! हे काय करून ठेवलं व?"

परातीतला चिवडा बघून प्रमिलाबाईंनी दारातच कपाळावर हात मारला. शेजारच्या अनुसयाबाईंनी कुंपणापाशी हाक मारली म्हणून त्या जराशा बाहेर गेल्या काय, तेवढ्यात सुनेनं चिवड्याचा पार लगदा केला होता. मघा भाजून काढले तेव्हा पोहे कसे मोकळे, कुरकुरीत होते. आता ते मलूल होऊन शेंगदाण्यांना बिलगून बसले होते.

गुंजन दोन्ही हातांत पिळलेल्या लिंबाच्या साली धरून उभी होती. "तुम्हीच म्हणाला ना आई, गोड, लिंब राहिलंय, तेवढं टाक. आमच्याकडे पिठीसाखर आणि लिंबूसत्त्व घालतात. साखर टाकली. सत्त्व सापडलं नाही, म्हणून मग लिंबंच पिळली."

प्रमिलाबाईंना आधी कळेचना. कळलं तेव्हा हसू फुटलं. त्या गोडलिंब म्हणाल्या होत्या. इथं समुद्रपुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेलं गोडलिंब! परसात विहिरीपाशी त्याचं झाड उभं आहे, रोज फोडणीत पडतं. पण पोरगी साताऱ्याची. आणि या घरात फोडणी घालायची पाळी तिच्यावर आलीच कधी?

लेक स्वप्निल पुण्यात परस्पर लग्न करून बायकोला घेऊन आला, त्याच दिवशी त्याच्या वडलांनी, मधुकररावांनी, सांगून टाकलं होतं, "राहू दे घरात. पण मी तिच्या हातचं खाणार नाई." खाणं नाही, तसं बोलणंही नाही. "सांग तिले, दार लाव." "सांग तिले, नळ सुरू राह्यला." सून समोर उभी असली तरी निरोप प्रमिलाबाईंच्या मार्फत. स्वप्निलनं किराणा दुकानाच्या कडेला एसटीडीचा बूथ टाकला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "दुसरा कायले पाह्यजे रे? एक बूथ घरात हायच की!" हसण्यावारी नेलं खरं, पण इकडचे निरोप तिकडे देऊन देऊन त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता.

आज लक्ष्मीपूजन. संध्याकाळी दुकानात पूजा आटोपली की मधुकरराव आल्यागेल्याला मूठमूठ चिवडा देत, आणि पहिली मूठ स्वतःच्या तोंडात टाकत. चिवडा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. म्हणून प्रमिलाबाईंनी मनाशी घाट घातला होता, यंदाचा चिवडा सुनेच्या हातचा. चार माणसांदेखत एक घास पोटात गेला की मग सांगायचं. गेलेला घास काय परत येतो?

आणि चिवडा तर हा असा.

"दुसरा घाणा करू," त्या पदर खोचत म्हणाल्या. "पोहे आहेत अजून. हा गाईले टाकू. त्याईले समजायच्या आत..."

"काय समजायच्या आत?"

मधुकरराव दारात उभे होते. पूजेचं तबक न्यायला आले होते. त्यांनी परातीकडे बघितलं, लिंबाच्या सालींकडे बघितलं. "काऊन असा झाला चिवडा?"

"माह्या हातून झाला," प्रमिलाबाई चटकन म्हणाल्या. "ध्यान नाई राह्यलं."

"नाही बाबा, मी केला." गुंजन साली खाली ठेवून पुढे झाली. "आई गोडलिंब म्हणाल्या. मी गोड घातलं आणि लिंब पिळलं."

मधुकररावांच्या मिशा हलल्या. ते वळले आणि परसदारानं तरातरा निघून गेले.

गेलं, सगळं मुसळ केरात गेलं, प्रमिलाबाईंना वाटलं. गुंजनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते बघून त्यांना त्या पोरीची अशी काही कीव आली की नवऱ्याचा संतापच आला. एवढा कसला म्हणते मी ताठा! लेकरू दिवसभर राबून राह्यलं, आन याईचं आपलं तोंड फिरवणं!

परसात चपला वाजल्या. मधुकरराव परत आले. हातात हिरवीगार फांदी होती. एरवी सुनेला काही द्यायचं तर ते ओट्यावर ठेवून बाजूला होत. आज फांदी त्यांनी सरळ तिच्यापुढे धरली.

"याले गोडलिंब म्हणतेत."

"अगंबाई, हा तर कढीपत्ता! आमच्याकडे..." गुंजननं जीभ चावली.

"म्हण कढीपत्ता. पिळू नको म्हणजे झालं."

मग त्यांनी परातीतून मूठ भरली आणि तोंडात टाकली. मधुकरराव चावत राहिले, चावत राहिले, आणि शेवटी त्यांनी घास गिळला.

"गाईले कायले टाकता?" ते म्हणाले. "मले ठेवा. नव्या कवळीले हाच बरा हाय."

दुसऱ्या घाण्यासाठी चढवलेल्या कढईत तेल तापलं. गुंजननं घाईघाईनं पानं खुडली, ओंजळ कढईपाशी नेली आणि थबकली. सवयीनं ती सासूकडेच वळली.

"आई, बाबांना विचारा ना, एवढी पुरेत का?"

प्रमिलाबाईंनी पाट ओढला, भिंतीला टेकून बसल्या आणि दोन्ही पाय लांब पसरले.

"तूच विचार व. घरातला बूथ बंद झाला आता."